कुंडलिका कोठून येते?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काही जण चमकले असतील. कामगार संघटनेचा माणूस. त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर महागाईभत्त्याचे गणित सोडवून दाखवावे. त्याने नदीवर बोलावे, तीही कोकणातल्या नदीवर, आणि खरे म्हणजे नदीवरही नव्हे, तर ज्ञानकोशात त्या नदीची जी नोंद असते तिच्यावर बोलावे, हे थोडे चमत्कारिक आहे खरे. परंतु हा विषय आपल्या पिंपरी-चिंचवडच्या नळापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा पोहोचतो ते मी क्रमाने सांगतो.

नदीचे नाव कुंडलिका. पौडाहून मुळशीचा तलाव बाजूला ठेवीत ताम्हिणी घाट उतरले की आपण रायगड जिल्ह्यात येतो. तेथे सह्याद्रीच्या कड्याखाली, देवकुंडाच्या परिसरात, या नदीचे आरंभीचे ओहोळ एकत्र येतात. पुढे भिरा, मग कोलाड, मग रोहा. रोह्यापाशी भरतीचे पाणी नदीला भेटते आणि तिची खाडी होते. पूर्वी गलबते या खाडीतून रोह्यापर्यंत येत. शेवटी एका अंगाला रेवदंडा आणि दुसऱ्या अंगाला साळाव-कोर्लई यांच्यामधून ती अरबी समुद्राला मिळते. नदी लहान आहे. गोदावरी-कृष्णेच्या पंगतीला तिला कोणी बसवणार नाही.

लहान असली तरी तिच्या दोन्ही टोकांना रान आहे. वर घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ, हिरडा. उतारावर ऐन आणि किंजळ. खाली खाडीच्या चिखलात कांदळवन. ताम्हिणीचे अभयारण्य २०१३ साली जाहीर झाले. खाडीच्या दक्षिणेस मुरूड-रोह्याच्या डोंगरांत फणसाडचे अभयारण्य आहे, ते १९८६ चे. दोन्हीकडे शेकरू दिसते. मुखाजवळचे चौल हे तर जुन्या जगातले नावाजलेले बंदर. ग्रीक लेखकांना ते ठाऊक होते, पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन हिंदुस्थानात उतरला तो तेथेच, आणि पलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजांच्या भाषेतून घडलेली एक वेगळीच बोली आजही घरात बोलली जाते. यांतल्या एकेका गोष्टीवर स्वतंत्र व्याख्यान होईल. असो.

आता ज्ञानकोशाकडे वळतो. मराठी माणसाला कोशाचे वेड जुने आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, गावोगाव वर्गणीदार मिळवून १९२० च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड पुरे केले. राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून 'मराठी विश्वकोशा'चा संसार मांडला. तिसरा प्रकार अगदी निराळा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येतात, म्हणून आम्हां मंडळींना ही तारीख विसरता येत नाही. या तिसऱ्या कोशाला संपादक म्हणून कोणी एक शास्त्रीबोवा नाहीत. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे, ज्याला चूक दिसते त्याने दुरुस्त करावी, आणि कोणी काय बदलले याचा सगळा इतिहास नोंदीच्या पाठीमागे सर्वांना दिसावा, अशी तेथील व्यवस्था आहे. माझ्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या आणि युनियनच्या कपाटातली पुस्तके वाचून शहाण्या झालेल्या माणसाला ज्ञानकोशात लिहिण्याचा अधिकार मिळाला तो या तिसऱ्या प्रकारामुळे. अधिकार मिळाला की जबाबदारीही आली.

नदीविषयीची नोंद बहुधा एका साच्यातून काढलेली असते. उगम अमुक डोंगरात, लांबी तमुक किलोमीटर, काठावर ही गावे, मुखाशी हा किल्ला, आणि सरतेशेवटी येथील निसर्गरम्य परिसर पर्यटकांना आकर्षित करतो. एवढे झाले की नोंद संपली. डोंगर आहेत, पाणी आहे, पर्यटक आहेत. पण या पाण्यावर जगणारा, या पाण्यासाठी भांडलेला, या पाण्याने उठवलेला माणूस कोठेच नाही. कुंडलिकेच्या बाबतीत याहून मोठी गंमत अशी की, ही नदी भिऱ्याला उगम पावते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते.

आमच्या संघटनेचा एक अभ्यासवर्ग आहे. पाळी संपवून आठ-दहा मंडळी जमतात, कधी कायदा वाचतात, कधी दुसरे काही. नदीची एक नोंद सुधारून पाहावी असे ठरले तेव्हा आमच्यापैकी एक फिटर, जो मूळचा कोलाडकडचा आहे, तो म्हणाला, "दादा, उन्हाळ्यात सगळ्यांच्या नद्या आटतात. आमची सकाळी फुगते नि मग उतरते. हे असं का, ते यात कुठं लिहिलंय?" कोशात खरोखर लिहिलेले नव्हते. कोलाडला मुंबई-पुण्याची तरुण मंडळी रबरी होड्यांतून उसळत्या पाण्यात जातात, तो खेळ सकाळी चालतो याचेही कारण तेच. भर वैशाखात कोकणातल्या लहान नदीला इतके पाणी येते कोठून?

ते पाणी कोकणातले नाहीच. ते आपल्या मुळेचे आहे.

मुळा नदी आपल्या शहराच्या हद्दीवरून वाहते. दापोडीजवळ पवना तिला मिळते, पुढे संगमावर मुठा मिळते, मग भीमा, मग कृष्णा, आणि ते पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते. शाळेच्या भूगोलात हेच आहे आणि ते बरोबर आहे. परंतु वर मुळशीला मुळेवर धरण आहे. त्या धरणातले पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या कड्यापर्यंत नेले, तेथून नळांवाटे सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडले, आणि त्या पडत्या पाण्यावर वीज काढली. जनित्रातून सुटलेले पाणी कुंडलिकेत गेले. भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले १९२७ साली. तेव्हापासून पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेकडे जाते आहे. पुढे त्याच सोडलेल्या पाण्यावर सरकारने आणखी एक वीजगृह बांधले. खाली कोलाडजवळ डोलवहाळ येथे बंधारा झाला, कालवे निघाले, आणि त्या भागात उन्हाळी भात पिकू लागला.

म्हणजे भिऱ्याला उगम पावते ती नदी नव्हे. भिऱ्याला उगम पावते ते वीजगृहातून सुटलेले पाणी. नदी त्याच्या आधीपासून आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारी गॅझेटियरचा कुलाबा-जंजिऱ्यावरचा अकरावा खंड १८८३ साली छापला गेला, त्या वेळी भिऱ्याला विजेचा दिवाही नव्हता, आणि नदी मात्र वाहत होती. पहिली दुरुस्ती ही झाली: डोंगरातला उगम वेगळा, आणि वळवून आणलेले पाणी वेगळे. ही दुरुस्ती दोन ओळींची आहे. पण त्या दोन ओळींनी नोंदीचे दार उघडते, आणि दार उघडले की आत मुळशीचा सगळा इतिहास उभा असलेला दिसतो.

तो इतिहास आपण पुण्याकडची माणसे जाणतो, निदान जाणतो असे म्हणतो. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधायचे ठरवले. मुळा-निळा खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे त्यात जाणार होती. भाताची जमीन, घरे, देवळे, सगळे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट त्यात पडले आणि तेथेच ते 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे यांनी शेतकऱ्यांत काम केले आणि पुढे त्या लढ्यावर पुस्तक लिहिले. 'जान किंवा जमीन' ही त्या वेळची घोषणा. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. तो का हरला याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक आपल्याला अवघड जाणारे आहे. जमीन कसणारी बहुतेक कुळे मावळात होती, पण पुष्कळ जमिनीचे मालक आणि सावकार पुण्यात होते. मोबदल्याचे गणित जमल्यावर त्यांचा उत्साह ओसरला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात हे सारे तपशिलाने आले आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा.

मी कामगार संघटनेचा माणूस असल्यामुळे आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणे मला शोभणार नाही. भिऱ्याची वीज कोणासाठी होती? मुंबईसाठी; तेथल्या गिरण्यांसाठी. मुळशीच्या कुळाच्या खाचरावर पाणी चढले, त्या पाण्यावर वीज निघाली, त्या विजेवर मुंबईतले माग चालले, आणि मागावर उभा होता तो आमचाच माणूस, रत्नागिरीचा नाही तर साताऱ्याचा. देशातल्या कामगारांची पहिली मध्यवर्ती संघटना, आयटक, १९२० साली मुंबईत स्थापन झाली, म्हणजे मुळशीच्या सत्याग्रहाच्या अवघी काही महिने आधी. तिचे एक संस्थापक ना. म. जोशी हे मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, म्हणजे याच कुंडलिकेच्या शेजारच्या मुलखातले. एका टोकाला शेतकरी उठतो आहे आणि दुसऱ्या टोकाला कामगार जागा होतो आहे, आणि मधून तार गेली आहे. ती तार नोंदीत आली पाहिजे. ती आल्याने कामगाराला मान खाली घालावी लागेल असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. कोणाच्या पाण्यावर आपले यंत्र चालते हे कामगाराला माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता या मजकुराची भाषा कशी असावी यावरून आमच्या वर्गात दोन संध्याकाळी वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने लिहून आणले: 'भांडवलदारांनी गरीब शेतकऱ्यांची गावे निर्दयपणे बुडवली.' मी म्हटले, हे सभेत ठीक आहे, कोशात चालणार नाही. कोशाचा नियम असा की लिहिणाऱ्याने बाजू घ्यायची नाही. मग दुसऱ्याने लिहिले: 'प्रकल्पामुळे काही गावे पाण्याखाली गेली.' हे वाक्य पहिल्यापेक्षा सभ्य आहे, पण मला ते जास्त खटकले. गावे पाण्याखाली गेली म्हणजे काय? आपल्या पायांनी चालत गेली? मराठीत ही एक मोठी सोय आहे: जमीन संपादण्यात आली, कामगारांना कमी करण्यात आले, पाणी वळवण्यात आले. करणारा कोठेच नाही. कारखान्याच्या फलकावरच्या सूचना वाचणाऱ्या प्रत्येकाला ही भाषा पाठ असते. शेवटी आम्ही वाक्य असे केले: 'सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ही जमीन कंपनीसाठी संपादली, आणि धरणाच्या जलाशयात सुमारे पन्नास गावांची जमीन बुडाली.' यात शिवी नाही, विशेषण नाही. परंतु कोणी, कोणासाठी, कोणत्या कायद्याने, हे सगळे आहे. एवढे सांगितल्यावर वाचणारा आपले मत आपण करील.

विशेषणांची गोष्ट रानाच्या बाबतीतही तीच. 'घनदाट', 'निबिड', 'नयनरम्य' हे शब्द आम्ही काढून टाकले. त्यांच्या जागी झाडांची नावे घातली, अभयारण्यांची नावे व वर्षे घातली, आणि त्या रानात राहणाऱ्या माणसांची नावे घातली: कातकरी, ठाकर, धनगर. कातकऱ्यांचे तर नावच खैराच्या कातावरून पडले आहे. खैर उकळून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. रानाचे वर्णन करायचे आणि रानावरून ज्याचे नाव पडले त्या माणसाला वगळायचे, असे करून चालत नाही.

येथे मला एका अडचणीविषयी थोडे विस्ताराने बोलायचे आहे, कारण आमचे सगळे काम तिच्यापाशी येऊन अडले. आमच्या कोलाडच्या फिटरने सांगितले की सकाळी पाणी चढते, दुपारनंतर उतरते. लहानपणी नदी ओलांडायची तर वेळ पाहून ओलांडावी लागे. आई धुणे धुवायला कोणत्या वेळी जाई. हे सगळे खरे आहे, आणि त्याच्या इतके ते कोणालाच ठाऊक नाही. पण ते कोशात घालता येत नाही. कोशाचा दुसरा नियम असा की प्रत्येक विधानाला छापील, विश्वसनीय दाखला पाहिजे. 'मी पाहिले' हा दाखला नव्हे. मंडळी चिडली. एक जण म्हणाला, "म्हणजे पुस्तकवाल्याचं खरं आणि नदीवाल्याचं खोटं?"

या रागाशी माझी ओळख जुनी आहे. कामगार न्यायालयात आम्ही वर्षानुवर्षे हेच अनुभवले. कामगाराने वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केले हे सिद्ध झाले तर त्याला कायद्याचे संरक्षण. ते सिद्ध कोणी करायचे? त्याने. कशाने? हजेरीपट, पगारपत्रक, नेमणुकीचा कागद. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वनाधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्टच म्हटले की कामगाराने स्वतःच प्रतिज्ञापत्र केले म्हणून दिवस सिद्ध होत नाहीत. दुसरा पुरावा हवा. आणि तो पुरावा असतो कोठे? मालकाच्या कपाटात. ज्याने घाम गाळला त्याच्यापाशी आठवण, आणि ज्याने गाळून घेतला त्याच्यापाशी कागद. नदीचेही तसेच. किती पाणी कोणत्या वेळी सोडले याचा आकडा वीजगृहाच्या वहीत. पाय ओले झाले ते काठावरच्या माणसाचे.

तरीदेखील कोशाच्या बाबतीत मी त्या नियमाच्या बाजूचा आहे, आणि वर्गातही मी तेच सांगितले. 'मी पाहिले' एवढ्यावर आमच्या फिटरला लिहू द्यायचे, तर उद्या एखाद्या कारखान्याचा प्रसिद्धी अधिकारीही येऊन लिहील की मी पाहिले, आमच्या नळातून शुद्ध पाणीच बाहेर पडते. त्याला मग कोणत्या तोंडाने अडवणार? दाखल्याचा नियम गरिबाला जाचतो हे खरे, पण तो नसला तर जोरकसाचे फावते. तेव्हा नियम मोडण्यात शक्ती घालवू नये. कागद तयार करण्यात घालवावी. न्यायालयातही आम्ही शेवटी हेच शिकलो. प्रत्येकाने आपली वही ठेवायची, पगाराची चिठ्ठी फेकायची नाही, ओळखपत्राची नक्कल काढून ठेवायची.

त्याप्रमाणे आम्ही काय केले ते सांगतो. आधी जो कागद होता तो शोधला. आणि येथे एक असा दाखला हाती लागला की त्याने सगळ्या नोंदीचे वजन वाढले. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांचा तंटा झाला, त्यासाठी न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. त्याचा निर्णय १९७३ सालचा, आणि त्याला अंतिम रूप आले १९७६ मध्ये. त्या निर्णयात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे किती पाणी नेता येईल याची मर्यादा घातलेली आहे: कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी, आणि लागोपाठच्या कोणत्याही पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. कोयनेसाठी वेगळी मर्यादा आहे, ६७.५ टीएमसीची, ते पाणी चिपळूणच्या वाशिष्ठीत जाते. म्हणजे कोकणातल्या दोन रानातल्या नद्यांचा हिशेब दिल्लीतल्या लवादाच्या कागदात लिहिलेला आहे.

५४.५ टीएमसीचा आकडा एकट्या मुळशीचा नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. लोणावळ्याकडे वळवण आणि शिरवटा ही तळी आहेत, त्यांचे पाणी खोपोलीला उतरते आणि पाताळगंगेत जाते. ते १९१५ पासून. ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली आहे, तिचे पाणी भिवपुरीला उतरून उल्हास नदीत जाते. ते १९२२ पासून. आंध्रा ही इंद्रायणीला मिळणारी नदी, आणि वळवण तर इंद्रायणीच्याच माथ्यावर आहे. आपल्या शहराला मुळा, पवना, इंद्रायणी अशा तीन नद्या. त्यांतल्या दोघींचे माथे शंभर वर्षांपूर्वी पश्चिमेकडे फिरवले गेले आहेत. आळंदीला इंद्रायणीचे तीर्थ घेताना, देहूच्या घाटावर उभे राहताना, यातले थोडे पाणी पनवेल-कर्जतकडे गेले आहे हे कितीजणांना ठाऊक असते?

आता आपल्या नळाचा प्रश्न. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढली. चाकणपर्यंत कारखाने गेले, त्यांच्या मागोमाग वसाहती गेल्या. पवनेचे धरण १९७२ चे, ते आता पुरत नाही. म्हणून मुळशीचे पाणी आम्हांला मिळावे ही मागणी काही वर्षे होते आहे. आपणांपैकी अनेकांचे मत तेच असेल. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी भरणाऱ्या गृहिणीला विचारले तर माझ्या घरचेही मत तेच निघेल. मुळेचे पाणी मुळेला यावे, यात गैर काय? मीही गैर म्हणत नाही. पण शंभर वर्षांत त्या पाण्याच्या आधाराने खाली कोकणात दुसरा संसार उभा राहिला आहे. कालव्यावरचा उन्हाळी भात आहे, रोह्याची पाणीयोजना आहे, धाटावचे कारखाने आहेत, कोलाडच्या पोरांचा होड्यांवरचा रोजगार आहे. हे सारे आधी नव्हते. वळवलेल्या पाण्याने ते घडवले. ते पाणी परत फिरवायचे तर त्या माणसांना विचारावे लागेल, आणि विचारायचे तर आधी ती माणसे आहेत हे ठाऊक असावे लागेल. कुंडलिकेची नोंद उघडून पाहणाऱ्या पुण्याच्या वाचकाला तेथे एक धबधबा आणि एक किल्ला एवढेच दिसले, तर ते पाणी उचलून आणायला त्याला काहीच वाटणार नाही.

हे मी कल्पनेने बोलत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ काय झाले ते या सभागृहातल्या प्रत्येकाला आठवत असेल. पवना धरणातून आपल्या शहराला बंद नळाने पाणी आणायची योजना, तिला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध, रास्ता रोको, आणि पोलिसांचा गोळीबार. तीन शेतकरी गेले. त्यात एक स्त्री होती. योजना कागदावर शुद्ध अभियांत्रिकीची होती. नळाने पाणी आणले तर गळती नाही, घाण नाही. नदीच्या पात्रातून येणाऱ्या पाण्यावर वाटेतली शेती चालते, हे मात्र शहराने पुरते मनावर घेतले नव्हते. मुळशीच्या वेळी कुळांची बाजू पुण्यातल्या सावकाराला कळत नव्हती असे नाही. ती त्याला सोयीची नव्हती. आज आपण निदान कळले नाही असे म्हणायला जागा ठेवू नये.

आमच्या वर्गाने नोंदीचा जो पहिला परिच्छेद सिद्ध केला तो वाचून दाखवतो. 'कुंडलिका ही रायगड जिल्ह्यातून वाहणारी पश्चिमवाहिनी नदी असून ती सह्याद्रीत उगम पावते व रेवदंडा-कोर्लई येथे अरबी समुद्रास मिळते. १९२७ पासून मुळशी धरणातील, म्हणजे कृष्णा खोऱ्यातील, पाणी भिरा येथील वीजगृहातून या नदीत सोडले जाते; त्यामुळे ती भिऱ्याखाली उन्हाळ्यातही वाहती असते. या पाण्यावर कोलाड-रोहा परिसरातील सिंचन, उद्योग व जलक्रीडा अवलंबून आहेत.' तीन वाक्ये. खाली दाखले. सत्याग्रहाचा मजकूर पुढच्या परिच्छेदात, आणि तेथून मुळशी सत्याग्रहाच्या स्वतंत्र नोंदीकडे जाणारी वाट. कोणी सुशिक्षित गृहस्थ म्हणतील यात काय मोठे केले? फारसे काही नाही. एका रात्रपाळीच्या सुट्टीत होण्यासारखे काम आहे. पण ते झाले नव्हते.

खाडीचा भाग मात्र अजून कच्चा आहे. रोह्याखालच्या खाडीत कोळी बांधवांची मासेमारी, आणि वरच्या अंगाला धाटावची रासायनिक वसाहत. सांडपाण्याची तक्रार जुनी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यात महाराष्ट्रातले पट्टे ५३, देशात सर्वांत अधिक. त्या यादीत कुंडलिका आहे आणि आपली मुळाही आहे. धरणाने जोडलेल्या या दोघी येथेही एकत्र आल्या. हा दाखला आम्ही घातला. धाटावच्या कारखान्यांत काम करणारे लोक आमच्यासारखेच कामगार आहेत, आणि सांडपाण्याविषयी बोललो तर कारखाना बंद पडेल ही भीती त्यांना दाखवली जाते. ती भीती आम्हांलाही इकडे दाखवली गेली आहे. तरी मजकूर घातला. पण खाडीत पूर्वी कोणता मासा मिळे, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्याने, आणि आता काय मिळते, हे छापील कोठे सापडत नाही. ते कोळणीच्या जिभेवर आहे. ते विचारून, तारीख-वार घालून, कोणीतरी छापले पाहिजे. स्थानिक साप्ताहिकात छापले तरी चालेल, महाविद्यालयाच्या वार्षिकात छापले तरी चालेल. आमच्या वर्गातले दोघे दिवाळीच्या सुट्टीत साळावला जाऊन ते काम आरंभणार आहेत. व्याख्यानमालेचा हा खंड छापला जाईल तेव्हा माझे हे भाषणही छापील होईल, पण मीच बोलायचे, आपणच छापायचे आणि मीच कोशात त्याचा दाखला लावायचा, हा प्रकार मला करायचा नाही. तो दाखला खाडीकाठच्या माणसाचा असला पाहिजे.

तेव्हा शेवटी एक विनंती करून मी आपली रजा घेतो. या शहरात मुळशी खोऱ्यातून उठून आलेली कुटुंबे आहेत, रोहा-माणगावची माणसे तर पुष्कळ आहेत. कोणाच्या घरी १९२१ ते १९२४ या काळातले 'केसरी'चे अंक, मोबदल्याच्या नोटिसा, जुने सातबारे, कुळाच्या पावत्या, खाडीवरच्या होड्यांचे परवाने असे काही पडून असेल, तर ते रद्दीत घालू नये. आमच्या वर्गाकडे आणावे. आम्ही नक्कल काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. व्याख्यानानंतर मी सभागृहाच्या दाराशी थांबणार आहे, आणि माझ्यापाशी वही आहे.